जळून उरलेल्या गोष्टी

आजी गोष्ट सांगत असते. गोष्टीतला राजपुत्र पक्ष्याच्या पाठीवर बसून समुद्र ओलांडतो, आणि नेमक्या त्याच वेळी मांडीवरचे मूल मान वर करून विचारते, "आजी, हे खरं का गं?" आजीपुढे मोठा पेच पडतो. खरे म्हणावे तर पोराला फसवल्यासारखे होते, खोटे म्हणावे तर गोष्टच मोडते. शहाणी आजी यातले काहीच म्हणत नाही. ती म्हणते, "पुढं ऐक तर खरं!"

शाळेतल्या गुरुजींपुढेही हाच पेच असतो, फक्त थोड्या वेगळ्या रूपात. अभ्यासक्रम संपवायचा, गणित घ्यायचे, परीक्षा जवळ आलेली. अशा वेळी भुते, उडती विमाने आणि सोन्याची नगरे यांत तास घालवावा काय? शेतीवाडी करणाऱ्या माणसालाही वाटते की, हे रिकामपणाचे उद्योग आहेत. वाचकहो, हा प्रश्न मनात धरून मी एक मोठा जुना कथासंग्रह सावकाश वाचला. त्याचे नाव 'कथासरित्सागर', म्हणजे गोष्टींच्या नद्या जिथे येऊन मिळतात तो सागर. तो वाचून मला काय वाटले ते तुम्हांला सांगायचे आहे. मी संस्कृतचा पंडित नव्हे. एका साध्या वाचकाचे हे बोल आहेत, तसेच ते ऐकावेत.

प्रथम ग्रंथाची ओळख करून घेऊ. हा ग्रंथ संस्कृतात आहे आणि तो काश्मीरमधल्या सोमदेव नावाच्या पंडिताने अकराव्या शतकात रचला. साधारणपणे इ. स. १०६३ ते १०८१ या काळात तो लिहिला गेला असे अभ्यासक मानतात. त्यात २१,०००हून अधिक श्लोक आहेत. सोमदेवाने ग्रंथाचे १८ मोठे भाग पाडले, त्यांना 'लंबक' म्हणतात. आणि त्यांतले १२४ अध्याय, त्यांना नाव दिले 'तरंग'. सागर म्हटल्यावर लाटा आल्याच! काश्मीरच्या अनंत राजाची राणी सूर्यवती हिच्या मनाला विरंगुळा मिळावा म्हणून आपण या गोष्टी रचल्या, असे सोमदेव सांगतो.

विरंगुळा म्हटले की आपल्याला वाटते, राणी महालात बसून कंटाळली असेल. पण 'राजतरंगिणी' हा काश्मीरचा जुना इतिहास पाहावा, म्हणजे मनाला चटका बसतो. अनंत राजाने आपल्या मुलाला, कलशाला, गादीवर बसवले. पुढे बापलेकांत वैर माजले. अखेर १०८१ साली म्हाताऱ्या राजाने स्वतःचा जीव घेतला आणि सूर्यवती त्याच्या चितेवर सती गेली. ज्या बाईच्या घरात नवरा आणि मुलगा एकमेकांवर उठले होते, तिच्यासाठी या गोष्टी सांगितल्या गेल्या. हे एकदा कळले की, 'रिकामपणाचा उद्योग' हे शब्द तोंडातून काढताना जीभ अडखळते. घरात दुःख असले म्हणजे शेजारीण येऊन बसते आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगते. त्या गोष्टींनी दुःख जात नाही, पण रात्र सरते.

सोमदेव एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो. या कथा माझ्या नव्हेत, मी फक्त जुन्या मोठ्या ग्रंथाचा संक्षेप केला आहे, असे तो म्हणतो. तो जुना ग्रंथ म्हणजे गुणाढ्याची 'बृहत्कथा'. ती पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत होती. ती मूळ बृहत्कथा आज कुठेही सापडत नाही. बुधस्वामीने केलेला एक अवतार, काश्मीरच्याच क्षेमेंद्राने केलेला दुसरा आणि हा सोमदेवाचा तिसरा, अशा तिच्या संस्कृत लेकी तेवढ्या उरल्या. आई गेली.

ती कशी गेली याची गोष्ट सोमदेवाने ग्रंथाच्या आरंभीच सांगितली आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्राच्या मातीत घडते. प्रतिष्ठान, म्हणजे गोदाकाठचे आपले पैठण. तिथे सातवाहन राजा राज्य करीत होता आणि गुणाढ्य त्याचा मंत्री होता. एके दिवशी राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेली एक राणी संस्कृतात म्हणाली, मला पाण्याने मारू नका. 'मा' म्हणजे नको आणि 'उदकैः' म्हणजे पाण्याने. दोन शब्दांचा संधी होऊन झाले 'मोदकैः'. राजाला व्याकरण येत नव्हते. त्याला वाटले, राणी मोदक मागते आहे. त्याने मोदकांची ताटे मागवली! राणी हसली, दासदासी हसल्या, आणि राजाच्या मनाला ती गोष्ट अशी लागली की त्याने अंथरूण धरले. विद्या तरी येईल, नाहीतर मरण तरी, असा हट्ट घेतला.

गुणाढ्य म्हणाला, "महाराज, व्याकरण शिकायला लोकांना बारा वर्षे लागतात. मी सहा वर्षांत शिकवीन." शर्ववर्मा नावाचा दुसरा मंत्री उठला आणि म्हणाला, "मी सहा महिन्यांत शिकवतो!" गुणाढ्य चिडला. पैज लागली. तू शिकवलेस तर संस्कृत, प्राकृत आणि देशी बोली या तिन्ही भाषा मी सोडून देईन, असे गुणाढ्य बोलून गेला. शर्ववर्म्याने कार्तिकस्वामीची आराधना केली, सोपे व्याकरण मिळवले आणि खरोखरच सहा महिन्यांत राजाला शिकवले. गुणाढ्य पैज हरला. जवळच्या तिन्ही भाषा गेल्या, तेव्हा मौन धरून तो दोन शिष्यांसह विंध्याच्या रानात निघून गेला.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे क्षणभर थांबा. कमी वेळात जास्त शिकवण्याची पैज तुमच्या रोजच्या ओळखीची आहे. गोष्ट शर्ववर्म्याची टिंगल करीत नाही, त्याची युक्ती खरीच ठरते. पण तीच गोष्ट हेही दाखवते की, या पैजेत एका जाणत्या माणसाची वाचा गेली.

रानात गुणाढ्याच्या कानांवर पिशाचांची भाषा पडली. ज्या तीन भाषा सोडायची शपथ होती, त्यांत ती नव्हती. ती तो शिकला आणि तिच्यात त्याने सात वर्षे बसून सात लाख श्लोकांची कथा लिहिली. रानात शाई कुठली? आपल्या रक्ताने लिहिली. मग शिष्यांबरोबर ती सातवाहन राजाकडे पाठवली. राजा आता व्याकरण शिकलेला होता ना! त्याने पोथी पाहिली आणि नाक मुरडले. सात लाख श्लोक, हे ठीक. पण भाषा पिशाचांची, अक्षरे रक्ताची. घेऊन जा म्हणाला.

गुणाढ्याने एका टेकडीवर अग्निकुंड पेटवले. एकेक पान तो मोठ्याने वाची आणि अग्नीत टाकी. रानातली हरणे, रानडुकरे, रेडे, पाखरे त्याच्याभोवती गोळा झाली. चरायचे विसरून ती ऐकत राहिली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. इकडे राजवाड्यात राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, वाळलेले नीरस मांस खाण्यात आल्यामुळे असे झाले. आचाऱ्यांना विचारले, त्यांनी पारध्यांना विचारले. पारधी म्हणाले, "काय करावं महाराज, डोंगरावर एक ब्राह्मण वाचतोय आणि जाळतोय. जनावरं चरत नाहीत, सगळी सुकून गेली." तेव्हा राजा धावत गेला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. शिष्यांना आवडणारी नरवाहनदत्ताची कथा तेवढी गुणाढ्याने मागे ठेवली होती. एक लाख श्लोक उरले. राजाने ते डोक्यावर घेतले.

वाचकहो, ही घटना घडली काय? इतिहास म्हणून मी ती तुम्हांला सांगणार नाही. परंतु तिच्यात जे सांगितले आहे ते पैठणला आणि पैठणबाहेर पुन्हापुन्हा घडले आहे. आपल्या बोलीत ज्ञान असते, कथा असतात, पण त्या बोलीला दरबारात मान नसतो. त्याच पैठणात सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांना मराठीतून ग्रंथ लिहिण्याचा पक्ष मांडावा लागला. आणखी गंमत अशी की, ज्या सातवाहनांच्या नावावर ही नाक मुरडण्याची गोष्ट आहे, त्यांच्यातल्याच हाल राजाने महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा गोळा केल्या असे परंपरा सांगते. एकाच घराण्याच्या नावावर बोलीचा अनादरही आहे आणि आदरही. कोणता वारसा उचलायचा ते आपल्यावर आहे.

राजाला पश्चात्ताप कशाने झाला तेही पाहा. त्याला काव्य कळले म्हणून नाही, ताटातले मांस सुकले म्हणून! रानातल्या मुक्या जनावरांना कथेचे मोल आधी कळले, राजाला शेवटी कळले.

आता आतल्या गोष्टींकडे वळू. सगळ्यांत जादू आहे असे मात्र समजू नका. गुणाढ्याच्याच प्रवासात एक गोष्ट येते. एका सावकाराने कुणाला तरी टोमणा मारला की, हुशार माणूस या मेलेल्या उंदराच्या भांडवलावरही धंदा उभा करील. एका गरीब विधवेच्या पोराने ते ऐकले आणि तो उंदीर रीतसर लिहून देऊन उसना घेतला! मांजराच्या खाण्यासाठी तो दोन ओंजळी हरभऱ्यांना विकला. हरभरे दळून, पाण्याची घागर घेऊन तो गावाबाहेर चौकात सावलीला बसला. दमून आलेल्या मोळीविक्यांना त्याने हरभरा आणि थंड पाणी दिले, त्यांनी खुशीने दोन-दोन लाकडे दिली. लाकडे साठली, पुढे पावसाची झड लागून सरपण महागले, तेव्हा ती विकली. होता होता पोरगा व्यापारी झाला, आणि त्याने सोन्याचा उंदीर करून सावकाराचे कर्ज फेडले. पाच मिनिटांत सांगता येणारी ही गोष्ट वर्गात जरूर सांगून पाहावी. हरभऱ्यापासून हिशेब मांडला तर गणिताचा तासही होऊन जाईल.

पण माझ्या मनात खोल रुतली ती शक्तिदेवाची गोष्ट. वर्धमान नगरीची राजकन्या कनकरेखा म्हणते, ज्याने सोन्याची नगरी कनकपुरी पाहिली असेल त्यालाच मी वरीन. शक्तिदेव हा जुगारात सर्वस्व घालवलेला तरुण. त्याला वाटते, थाप मारायला काय जाते? तो छातीठोकपणे सांगतो, मी पाहिली आहे. राजकन्या विचारते, कोणत्या वाटेने गेलास, कशी आहे ती? दोन वाक्यांत त्याची थाप उघडी पडते आणि त्याला हाकलून देतात. कुणी दुसरा असता तर तोंड लपवून घरी गेला असता. शक्तिदेवाला वाटते, आता ती नगरी खरोखर पाहिलीच पाहिजे.

मग तो निघतो. ऋषींना विचारतो, त्यांना वाट ठाऊक नसते. पण कोण सांगू शकेल ते सांगतात. समुद्रात जहाज फुटते, मोठा मासा त्याला गिळतो. कोळी तो मासा पकडून कोळ्यांच्या राजापुढे, सत्यव्रतापुढे, चिरतात तेव्हा शक्तिदेव जिवंत बाहेर येतो. सत्यव्रत त्याला नावेत घालून नगरीच्या शोधाला नेतो. वाटेत समुद्रात वडाचे अफाट झाड आणि त्याच्याखाली भोवरा. नाव भोवऱ्यात सापडते. सत्यव्रत म्हणतो, तू फांदी धर, मी नाव सांभाळतो. शक्तिदेव फांदी धरतो आणि ज्या कोळ्याने त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, तो नावेसकट भोवऱ्यात जातो. रात्री त्या वडावर प्रचंड गिधाडे येतात. त्यांतले एक दुसऱ्या दिवशी कनकपुरीला चरायला जाणार असते. शक्तिदेव त्याच्या पाठीवरच्या पिसांत लपतो आणि सोन्याच्या नगरीत उतरतो.

तिथे त्याला सगळे सुख मिळते, फक्त एक बंदी असते. मधल्या गच्चीवर जायचे नाही. तुम्हीआम्ही काय केले असते? तो जातोच. वर तीन दालने, आणि एका दालनात पलंगावर कनकरेखा निष्प्राण पडलेली! जिच्यासाठी एवढा प्रवास केला, ती इथे मृत आणि तिथे आपल्या गावी जिवंत. भांबावून तो बाहेर येतो, तिथे एक घोडा असतो. त्याच्यावर चढू जातो तर घोडा लाथ मारतो, तो तळ्यात पडतो आणि वर येतो तो थेट वर्धमान नगरीच्या तळ्यात. आता तो खरे सांगू शकतो. पाहून आलो. कनकरेखा ही शाप मिळालेली विद्याधरी होती, हे पुढे उलगडते.

ही गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. थापेपासून सुरुवात झाली आणि ती थाप खरी करण्यासाठी माणसाने समुद्र पालथा घातला. परीक्षेत नक्कल करून "येतं मला" म्हणणाऱ्या मुलाला आपण छडी दाखवतो. त्याला ही गोष्ट सांगितली तर? खोटे बोललास, ठीक. आता ते खरे करून दाखव, वाट लांब आहे. असा उपदेश मुलाच्या मनाला झोंबत नाही, कारण तो शक्तिदेवाला केलेला असतो. आणि सत्यव्रत कोळी? त्याला तर कुणी सोन्याची नगरी देऊ केलेली नव्हती. मोठ्यांच्या यशाखाली असे किती सत्यव्रत बुडालेले असतात!

दुसरी एक गोष्ट लहान आहे, पण डोळ्यांपुढून हलत नाही. नरवाहनदत्त राजपुत्र समुद्राकाठच्या एका नगरीत येतो. रस्ते गजबजलेले, दुकानांत वाणी बसलेले, बाया चाललेल्या, पहारेकरी उभे. पण आवाज म्हणून नाही! जवळ जाऊन पाहतो तर सगळी माणसे लाकडाची. यंत्राने हलतात, बोलत मात्र नाहीत. राजवाड्यात सिंहासनावर एकटाच जिवंत माणूस आहे. तो कांचीचा सुतार, राज्यधर. त्याने आणि त्याच्या भावाने यंत्रविद्या साधली होती. भावाने लाकडी हंस करून राजाच्या खजिन्यातले जडजवाहीर चोरले, ते उघडकीस आल्यावर दोघांना पळावे लागले, आणि राज्यधर या ओस नगरीत येऊन पडला. एकटेपणा सोसवेना म्हणून त्याने लाकडाची प्रजा घडवली.

नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी काश्मिरात बसून एका पंडिताने चालत्या यंत्रमाणसांची नगरी लिहिली! याच्यावरून, आमच्याकडे सगळी यंत्रे तेव्हाच होती अशी बढाई मात्र कुणी मारू नये. गोष्ट तसे म्हणतच नाही. माणूस हाताने काहीही घडवील, पण त्याच्याशी दोन शब्द बोलणारा दुसरा माणूस त्याला घडवता येत नाही, एवढेच ती दाखवते. ज्या गावांतली तरुण माणसे शहरात गेली आहेत, तिथल्या म्हाताऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

आणि आता वेताळ. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार देव आहे. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक मोठमोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो अशी श्रद्धा आहे. वेताळाच्या २५ गोष्टी या कथासागराच्या बाराव्या लंबकात आहेत. पुढे त्या वेताळपंचविशी म्हणून घरोघर पोचल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी पुस्तके नुकती छापली जाऊ लागली, त्याच काळात ती मराठीत छापली गेली; आणि १९८५ साली दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' पाहायला पोरे शेजारच्या घरी गर्दी करीत. सोमदेवाच्या ग्रंथात मात्र या राजाचे नाव त्रिविक्रमसेन आहे, आणि तो राज्य कुठे करतो? पुन्हा गोदाकाठी, प्रतिष्ठानात!

राजा स्मशानातल्या झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन चालतो. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न घालतो. अट अशी की, उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर तुझे डोके फुटेल. आणि बोललास तर मी परत झाडावर जाईन. न्यायाची कठीण परीक्षा आहे ही. गप्प बसला तर प्रेत पदरात पडेल, पण जाणून गप्प बसण्याची शिक्षा मरण!

एक प्रश्न ऐका. एका मुलीवर तिघांचे प्रेम होते, ती अचानक वारली. एकाने तिच्या राखेवर अंथरूण करून स्मशानातच राहायला सुरुवात केली. दुसरा तिच्या अस्थी घेऊन गंगेला गेला. तिसरा गोसावी होऊन हिंडला आणि मृताला जिवंत करण्याचा मंत्र घेऊन आला. तिघे भेटले, मुलगी जिवंत झाली. ती कुणाची बायको? राजा म्हणाला, ज्याने जीव दिला तो बाप झाला. अस्थी गंगेत नेल्या ते मुलाचे काम. आणि जो तिच्या राखेला कवटाळून राहिला त्याने नवऱ्याचे काम केले, म्हणून ती त्याची. पटते का तुम्हांला? ती मुलगी कुणाला 'हो' म्हणेल हे राजाने विचारलेच नाही, असे एखादी चुणचुणीत विद्यार्थिनी म्हणाली तर गुरुजींनी तिला शाबासकी द्यावी. गोष्ट त्यासाठीच असते. वेताळ विचारतो, राजा उत्तर देतो, आणि ऐकणाऱ्यालाही आपले उत्तर देण्याचा हक्क असतो.

अखेरच्या गोष्टीतले नात्याचे कोडे राजाला खरोखरच सुटत नाही. तो गप्प राहतो. तेव्हा वेताळ प्रसन्न होतो आणि ज्या ढोंगी भिक्षूने राजाला या कामावर धाडले तो तुझा बळी देणार आहे, असा इशारा देतो. आपल्याला काय येत नाही हे ओळखून गप्प राहणे, हेही शहाणपण आहे. त्यानेच राजाचा जीव वाचला.

या ग्रंथाची फक्त स्तुती करून मी थांबलो तर ते वेताळाच्या अटीविरुद्ध होईल. माहीत असून बोलले पाहिजे. पुष्कळ कथांत बायकांच्या चंचलपणाची निंदा आहे, आणि ती वाचताना कंटाळा येतो, रागही येतो. काही जातीजमातींविषयी हलके बोल आहेत. गोष्टीत गोष्ट, तिच्यात आणखी गोष्ट, असे करता करता वाचकाला वाटच सापडत नाही. सगळेच मुलांपुढे वाचण्याजोगे नाही. गुरुजींनी निवड करावी.

पण त्याच ग्रंथात उपकोशाही आहे. नवरा वररुची हिमालयात तपाला गेलेला. मागे राजाचा पुरोहित, नगराचा दंडाधिकारी आणि राजपुत्राचा मंत्री असे तिघे बडे लोक तिच्या मागे लागतात. नवऱ्याने ठेव ठेवलेला सावकारही पैसे परत देण्यासाठी भलतीच अट घालतो. उपकोशा चौघांना एकाच रात्री वेगवेगळ्या प्रहरी बोलावते. पहिल्या तिघांना दासी आंघोळीच्या निमित्ताने तेल आणि काजळ फासतात, आणि पुढचा आला की मागच्याला पेटीत कोंबतात. सावकार येतो तेव्हा ती त्याला पेटीशेजारी उभे करून त्याच्याच तोंडून ठेवीची कबुली मोठ्याने वदवून घेते. सकाळी राजा नंदापुढे फिर्याद. साक्षीदार कोण? ती म्हणते, माझ्या घरचे देव, या पेटीत आहेत! पेटीतून घाबरलेले आवाज साक्ष देतात. पेटी उघडते आणि राज्याचे तीन खांब काळे ठिक्कर होऊन बाहेर पडतात. ही गोष्ट गावातल्या महिला मंडळात सांगून पाहा. हसता हसता बायकांच्या मनात काय उतरते ते दिसेल.

तर आजीच्या मांडीवरच्या पोराचा प्रश्न, "हे खरं का गं?" मला वाटते, उत्तर असे द्यावे: घडले म्हणून खरे नव्हे, पण त्यातली लाज, हाव, एकटेपणा आणि धीर खरा आहे. पक्षी खोटा असेल, फांदी धरायला सांगून बुडणारा कोळी खरा आहे.

एक शेवटची विनंती. सोमदेवाचा ग्रंथ टिकला. जर्मनीत ब्रॉकहाउस नावाच्या पंडिताने १८३९ पासून तो छापायला घेतला, १८८० ते १८८४ या काळात टॉनी यांनी कलकत्त्यात त्याचे इंग्रजी भाषांतर काढले, आणि १८८९ साली आपल्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने मूळ संस्कृत ग्रंथ छापला. त्याला आता भय नाही. भय आहे ते तुमच्या गावातल्या बृहत्कथेला. जात्यावर बसून गोष्ट सांगणारी, श्रावणातल्या कहाण्या तोंडपाठ असणारी, वाडीवरच्या भुताची हकीकत रंगवून सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांची बोली पुस्तकी नाही, म्हणून आपण नाक मुरडतो. एक म्हातारी जाते आणि गुणाढ्याच्या कुंडात आणखी काही पाने पडतात. तेही कुणी वाचून न दाखवता.

शिक्षकांनी एवढे करावे. मुलांना सांगावे, घरच्या सर्वांत वडील माणसाकडून एक गोष्ट ऐकून या आणि ती त्यांच्याच शब्दांत वहीत उतरा. शब्द सुधारू नका, गावचे नाव, सांगणाऱ्याचे नाव, तारीख लिहा. वर्षाअखेर शाळेच्या कपाटात ४० गोष्टींची वही होईल. आणि शेतकरी बंधुभगिनींनो, पोर वही घेऊन समोर बसले तर "मला काय येतंय बाबा" म्हणू नका. तुम्हांला येते. माहीत असून न बोलणाऱ्याचे काय होते, ते वेताळाने सांगून ठेवले आहे!